गाडी तापल्यावर क्लचचे पेडल खालीच अडकते : दोष केबलमध्ये की गिअरबॉक्सच्या आत?

जुनी हॅचबॅक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी बरीच जुनी लहान गाडी असून तिचा क्लच केबलवर चालतो. गेल्या काही महिन्यांत क्लचचे पेडल हळूहळू जड होत गेले. सकाळी गाडी थंड असताना त्रास जवळजवळ जाणवत नाही, परंतु गर्दीतून थोडे अंतर चालवल्यावर पेडल सावकाश वर येऊ लागते. परवा सिग्नलवर थांबलेलो असताना ते दाबल्यानंतर वर आलेच नाही. बुटाचे टोक खाली घालून ते उचलावे लागले, तेव्हा कोठे ते जागेवर आले. त्यानंतर गाडी तापली की पेडल अधूनमधून अर्ध्यावरच थांबते.

पेडल खाली राहिलेले असताना गिअर कोणताही आवाज न होता पडतो आणि गाडी पुढे ओढत नाही. क्लच घसरत असल्याचीही काही खूण नाही, कारण चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज वाढतो तसा वेगही वाढतो. पायाखालची चटई पेडलच्या आड येत नाही, हे मी पाहिले आहे. क्लचची केबल फार जुनी नाही, ती मागच्या वर्षी बदलली होती. त्यामुळेच मी गोंधळलो आहे. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली असता, केबल नवीन आहे म्हणजे दोष आतच असणार, गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगण्यात आले.

साध्या दुरुस्त्या मी स्वतः करतो, पाने आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहेत. गिअरबॉक्स उतरवणे मात्र माझ्या आवाक्यातले नाही. तो न उतरवता दोष केबलचा, पेडलचा की आतल्या भागाचा हे खात्रीने ठरवता येईल का? आणि तोपर्यंत गाडी जपून वापरली तर चालेल का?

पाना-पक्कड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. कृपया ही गाडी सध्या रस्त्यावर काढू नका. पेडल अर्ध्यावर थांबते याचा अर्थ क्लच अर्धवट दाबलेला राहतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) घासत राहते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सतत भाराखाली फिरत राहते. आज तुमचा क्लच घसरत नाही, पण या अवस्थेत थोडे दिवस गाडी चालवली तर तो नक्की घसरू लागेल आणि पूर्ण संच बदलण्याचा सल्ला नाइलाजाने खरा ठरेल. शिवाय वाहतुकीत मान खाली घालून बुटाने पेडल उचलणे हा सरळसरळ अपघाताला मिळालेला वाव आहे.

आता मूळ प्रश्न. पेडल खाली राहते अशी तक्रार आली की पहिली चौकशी हीच करावी की, पेडल खाली असताना क्लच सुटलेला (इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे) असतो की लागलेला (दोन्ही जोडलेले). केबल तुटली असेल, किंवा तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये दाब गेला असेल, तर पेडल निर्जीवपणे खाली जाते, पण क्लच लागलेलाच राहतो. गिअर पडत नाही किंवा करकरून पडतो आणि गाडी ओढते. तुमच्याकडे नेमके उलटे आहे. गिअर सहज पडतो, गाडी ओढत नाही. म्हणजे तुमच्या पायाचा जोर प्रेशर प्लेटपर्यंत (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागापर्यंत) व्यवस्थित पोहोचतो आहे, फक्त सोडल्यावर तो परत येत नाही. ही ओढ तुटल्याची नव्हे, तर वाटेत कोठेतरी घर्षण वाढल्याची खूण आहे. शोधायची ती घर्षणाची जागा.

पेडल वर येते ते मुख्यतः प्रेशर प्लेटमधल्या डायाफ्राम स्प्रिंगच्या (बशीसारख्या, बोटे असलेल्या स्प्रिंगच्या) जोरावर. पेडलजवळची छोटी स्प्रिंग केवळ पेडलचे वजन पेलते आणि केबलमधला ढिलेपणा काढून घेते. डायाफ्राम स्प्रिंगचा जोर बेअरिंग, त्याला ढकलणारा फोर्क, बाहेरचा लिव्हर, केबल आणि पेडल या क्रमाने पायापर्यंत येतो. तेव्हा साखळी मधोमध तोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ओट लावा, इंजिन बंद करा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. खालून काम करावे लागले तर गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नका, भक्कम घोड्या लावा. बहुतेक लहान गाड्यांमध्ये बॉनेट उघडले की गिअरबॉक्सवर क्लचचा लिव्हर आणि त्यात अडकवलेले केबलचे टोक वरूनच दिसते. केबल जेथे नटाने ताणलेली असते तेथे आट्यांवर खूण करून ठेवा, म्हणजे पुन्हा जोडताना मूळ जागा सापडेल. मग नट सैल करून टोक लिव्हरमधून सोडवा.

आता केबल आतल्या टोकालाही पेडलपासून सुटी करा आणि नुसते पेडल हाताने हलवून पाहा. ते कोठेही न अडखळता हलले पाहिजे. पेडलच्या खिळीवरचे बुश कोरडे पडले असतील किंवा खिळीला गंज चढला असेल तर हातालाच ते जाणवेल. काही गाड्यांमध्ये पाय दाबायला हलका लागावा म्हणून पेडलला मदतीची स्प्रिंग दिलेली असते. ती अर्ध्या चालीपर्यंत पेडल वर धरते आणि तेथून पुढे खाली ढकलते. अशा गाडीत परतीचा जोर थोडा जरी कमी पडला तरी हीच स्प्रिंग पेडलला खाली धरून ठेवते, आणि केबल सुटी केल्यावर तर ते खाली राहणारच. तुमच्या गाडीत अशी स्प्रिंग असेल तर तपासणीपुरती ती सोडवावी लागेल, पण तिच्यात बराच ताण असतो, बोटे जपा.

दोन्ही टोके मोकळी असलेली केबल जागेवरच ठेवा आणि आतली तार एका टोकाकडून हळूहळू ओढा, मग दुसऱ्या टोकाकडून. चांगली केबल दोन बोटांनी सरकते. कोठे खरखर, अडकून सुटल्यासारखा झटका किंवा रबरी ओढ जाणवली तर केबल बाद समजावी. तुमचा त्रास गाडी तापल्यावर होतो, म्हणून ही परीक्षा इंजिन गरम असतानाच घ्या. थंड गाडीत केबल निर्दोष ठरेल आणि संशय उगाच गिअरबॉक्सवर जाईल. एक्झॉस्टला मात्र हात लागू देऊ नका.

शेवटी लिव्हर. हाताने तो मोकळ्या चालीपुरताच (बेअरिंग टेकेपर्यंतच्या ढिल्या हालचालीपुरताच) हलेल, त्यापुढे डायाफ्राम स्प्रिंगचा जोर आडवा येतो. हलताना तो कुरकुरला, घट्ट वाटला किंवा सोडल्या जागीच राहिला तर फोर्कच्या शाफ्टचे बुश सुकलेले आहेत. लांब पान्याचा आधार देऊन तो थोडा पुढे रेटा आणि सावकाश सैल सोडा. पान्याला मागे ढकलत तो जोराने परत यायला हवा. रेंगाळत आला तर दोष आत आहे : बेअरिंग ज्या नळीवर सरकते तिच्यावर खाचा पडल्या असतील किंवा डायाफ्रामची बोटे झिजली अथवा मोडली असतील. तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्यास पर्याय नाही. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायाफ्रामची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि पेडल जड होत जाते, हेही खरे. परंतु ते थंड-गरम असा भेद करत नाही. तुमच्या वर्णनावरून माझा कल केबलकडे आहे, ती मागच्याच वर्षी बदललेली असली तरी.

वाटसरू

वरील उत्तर केबलच्या गाड्यांपुरते पूर्ण आहे. तेलाचा क्लच असलेल्या जुन्या गाडीत पेडल खाली राहत असेल तर वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. कोणी तसा त्रास घेऊन हा धागा वाचत असेल त्याच्यासाठी थोडक्यात लिहितो.

पेडल खाली जाते, क्लच सुटत नाही आणि दोन-चारदा भराभर दाबले की पेडलला जोर येतो, असे होत असेल तर तेलात हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलजवळच्या, तेलावर दाब देणाऱ्या सिलिंडरचे) रबर दाब धरत नाही. गळती बाहेर दिसतेच असे नाही. मास्टर सिलिंडरचे मागचे रबर गेले की तेल पेडलच्या दांड्यावरून गाडीच्या आत उतरते आणि चटईखाली मुरते. स्लेव्ह सिलिंडरची (गिअरबॉक्सजवळच्या, त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी किंचित वर करून पाहिली की तिच्यात साठलेले तेल सापडते. याउलट, क्लच नीट सुटतो पण पेडल फार सावकाश परत येते, असे असेल तर मधल्या लवचिक नळीवर संशय घ्यावा. जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगलेली असते. पायाच्या जोरावर तेल तिच्यातून पुढे जाते, स्प्रिंगच्या जोरावर मागे येताना मात्र रेंगाळते. मास्टर सिलिंडरमधले तेल परत जाण्याचे बारीक छिद्र गाळाने बुजले तरी जवळपास हीच लक्षणे दिसतात.

तेल डॉट ३ की डॉट ४ (ब्रेकच्या तेलाच्या प्रती) हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते, तेच घालावे. इंजिन ऑइल किंवा कोणतेही खनिज तेल यात गेले तर सगळी रबरे फुगतात आणि एकही भाग वाचत नाही. क्लचचे हे डॉट तेल हवेतली ओल शोषून घेते. कोऱ्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे, यावरून ते ठरावीक मुदतीने का बदलायचे हे ध्यानात येईल. अनेक गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लच यांची टाकी एकच असते; त्यामुळे क्लचच्या गळतीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे ब्रेकच्या तेलाकडेही दुर्लक्ष करणे होय.

जुनी हॅचबॅक

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही मनापासून आभार. गाडी उभ्या जागी काही वेळ चालू ठेवून गरम केली आणि सांगितल्याप्रमाणे सगळे भाग सुटे करून पाहिले. पेडल अगदी मोकळे आहे, मदतीची स्प्रिंग नाही. लिव्हर पान्याने रेटून सैल सोडला तर लगेच जोराने परत येतो, कुरकुर नाही. केबल मात्र घट्ट झाली होती. आतली तार ओढताना एका ठिकाणी चिकटून बसल्यासारखी वाटत होती आणि सोडल्यावर तेथेच राहत होती.

केबल बाहेर काढून उजेडात पाहिली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. गिअरबॉक्सच्या बाजूला, जेथे केबलचे बाहेरचे आवरण कंसात बसते, तेथून वीतभर लांबीत वरचे काळे प्लॅस्टिक वितळून चकचकीत झाले आहे आणि आतल्या तारेचे काही पदर निळसर पडले आहेत. एक्झॉस्ट इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला आहे, तेथून या भागाला आच लागण्याचा प्रश्नच नाही. केबलचा मार्गही मोकळा आहे, कोठे आवळलेली किंवा मुडपलेली नव्हती.

याचा संबंध आहे की नाही हे मला समजत नाही, पण स्टार्टर गेले काही महिने मंद फिरतो. म्हणून मी बॅटरी बदलली, तरी फारसा फरक पडलेला नाही. आता सरळ नवीन केबल बसवावी का?

तारजोडणी

कृपया थांबा, नवीन केबल एवढ्यात बसवू नका. मंद स्टार्टर आणि भाजलेली केबल या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच दोषाची दोन रूपे आहेत, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. तुमच्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली असावी, किंवा तिच्या टोकांना गंज चढला असावा.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात, आणि रबरातून वीज वाहत नाही. स्टार्टर फिरताना लहान गाडीतही शे-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो आणि तो इंजिनाच्या धातूतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जावा लागतो. त्यासाठीच तांब्याची जाड वेणीदार पट्टी किंवा जाड वायर दिलेली असते. ती निकामी झाली की प्रवाह जो मार्ग सापडेल तो धरतो. तुमच्या क्लचच्या केबलचे एक टोक गिअरबॉक्सवर आहे, दुसरे बॉडीच्या पत्र्यात, आणि आतली तार व आवरणातली गुंडाळी दोन्ही पोलादी आहेत. इतका प्रवाह वाहून नेण्यासाठी केबल केलेलीच नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी स्टार्टर मारला की ती तापते. आतल्या तारेभोवतीचे प्लॅस्टिकचे अस्तर मऊ होऊन तारेला चिकटते. मग इंजिनाच्या साध्या उष्णतेनेही ते पुन्हा नरम पडून तार धरून ठेवते. सकाळी पेडल ठीक आणि दुपारी अडकलेले, याचा उलगडा त्यातूनच होतो. आधीची केबलही याच कारणाने गेली असण्याची शक्यता आहे. पदर निळे पडणे ही पोलाद बरेच तापल्याची खूण आहे. नुसत्या घर्षणाने किंवा गंजाने तसा रंग येत नाही.

खात्री मल्टिमीटरने करता येते. तो डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवरच लावा, खुंटीवरच्या क्लॅम्पवर नको, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. मदतनिसाला काही सेकंद स्टार्टर मारायला सांगा. अर्थिंग निरोगी असेल तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो, बहुधा त्याहून बराच कमी. तो एक-दोन व्होल्टवर गेला तर निकाल लागला. मग तीच परीक्षा खुंटी आणि बॉडी यांच्यात घ्या, म्हणजे दोष कोणत्या जोडात आहे तेही समजेल. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घेण्यासाठी वापरतात ती जाड वायर जवळ असेल तर तिने बॅटरीची ऋण खुंटी थेट इंजिनाच्या धातूला जोडून स्टार्टर मारून पाहा. तो एकदम जोमाने फिरू लागला तर आणखी पुराव्याची गरज नाही. या दोन्ही परीक्षांच्या वेळी गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लचची केबल काढलेलीच असू द्या. ती काढल्यावर स्टार्टर पूर्वीपेक्षाही मंद झाला किंवा मुळीच फिरला नाही, तर प्रवाह तिच्यातूनच जात होता हे सिद्ध होईल.

गाड्यांमध्ये या जोडणीची रचना दोन प्रकारची आढळते. काहींमध्ये बॅटरीची ऋण वायर बॉडीला येते आणि तेथून पट्टी इंजिनाला जाते. काहींमध्ये जाड वायर थेट गिअरबॉक्सला जाते आणि बॉडीसाठी बारीक फाटा निघतो. दुसऱ्या प्रकारात तो फाटा गेला तर स्टार्टर जोमातच फिरत राहतो, पण हेडलाइट, पंखा, वायपर या सगळ्यांचा प्रवाह केबलमधून परततो. तुमचा स्टार्टर मंद आहे, म्हणून पहिल्या प्रकाराची शक्यता अधिक.

दुरुस्ती अवघड नाही, पण ती घाईने उरकू नये. बॅटरीची ऋण वायर काढा, पट्टीची दोन्ही टोके सोडा आणि ती जेथे टेकतात तेथला रंग, गंज व ग्रीस घासून उघडा धातू दिसेपर्यंत साफ करा. पट्टीचे पदर हिरवे पडले किंवा तुटले असतील तर ती पुन्हा वापरू नका. नवीन पट्टी किमान तितक्याच जाडीची घ्या, बोल्ट घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. हात त्याच भागात असताना ॲक्सिलरेटरची केबलही काढून तपासा. प्रवाह तिच्यातूनही गेला असू शकतो, आणि ती अडकणे क्लच अडकण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

पाना-पक्कड

हे निदान मला पूर्णपणे पटते, आणि लिव्हर जोराने परत येतो हे कळल्यावर गिअरबॉक्स उतरवण्याचे कारणही उरलेले नाही. अर्थिंगची दुरुस्ती होऊन मल्टिमीटरचा आकडा योग्य दिसल्याशिवाय नवीन केबल जोडू नका, म्हणजे तीही भाजणार नाही.

केबल बसवताना तिला मूळ मार्गानेच न्या. वळणे मोठी आणि सैल असू द्या, पत्र्यातून आत जाते तेथला रबरी बुश नीट बसवा आणि कोठेही पट्टीने आवळू नका. इंजिन रबरावर हलते, त्या हालचालीपुरती मोकळीक केबलला हवीच. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतू नका. त्याने धूळ धरते आणि काही तेलांनी अस्तर फुगते. ग्रीस लावायचे ते पेडलच्या खिळीला आणि लिव्हरच्या खाचेत, तेही बोटभर.

पेडलची मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तिच्याप्रमाणेच नट लावा. अनेक लहान गाड्यांमध्ये ती पेडलच्या टोकाशी १५ ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असते. चाल फार कमी ठेवली तर बेअरिंग सतत टेकून राहते आणि क्लच घसरतो, फार जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर झाली नाही तर क्लच पूर्ण सुटतो आहे. पेडलला आपोआप ताण घेणारा दातेरी भाग असेल तर नटाने काही करायचे नाही : केबल जोडल्यावर पेडल काही वेळा पूर्ण दाबून सोडा, तो आपला ताण स्वतः घेतो. नटाच्या गाडीत मात्र नवीन केबलचे आवरण आपल्या जागी बसत जाते आणि चाल बदलते, म्हणून काही शे किलोमीटर झाल्यावर ती पुन्हा मोजून नट लावावा लागेल.